ओबरामरगाऊचा नवस

म्युनिकहून दक्षिणेला जाणारी गाडी मुर्नाऊला सोडून फाट्यावरच्या छोट्या गाडीत बसायचे. कुरणे ओलांडत रूळ बव्हेरियन आल्प्सच्या कुशीत जिथे संपतात, ते ओबरामरगाऊ. घरांच्या भिंतींवर बायबलमधले प्रसंग रंगवलेले, लाकडी कोरीवकामाची दुकाने, गावावर कोफेलचा सुळका. १६३३ साली प्लेगने गाव पोखरले, तेव्हा गावकऱ्यांनी नवस बोलला: साथ टळू दे, दर दहा वर्षांनी येशूच्या दुःखभोगाचे नाटक करू. १६३४ पासून तो फेडला जातो आहे. नट गावातच जन्मलेले, नाहीतर वीस वर्षे राहिलेले.

पण या भाविक नाटकात विषही होते. मत्तयाच्या शुभवर्तमानात रोमन सुभेदार पिलात हात धुतो आणि जमाव येशूच्या रक्ताचा दोष स्वतःवर व आपल्या मुलाबाळांवर घेतो. उरलेल्या तिन्ही शुभवर्तमानांत हे वाक्य नाही. तरी शतकानुशतके त्यातून साऱ्या ज्यू समाजावर, पिढ्यान्‌पिढ्या, देवाच्या हत्येचा आरोप ठेवला गेला. ओबरामरगाऊच्या रंगमंचावर ज्यू याजकांच्या डोक्यावर शिंगांसारखी शिरोभूषणे असत. हिटलर १९३० आणि १९३४ साली हे नाटक पाहून गेला आणि पुढे त्याने त्याची वाखाणणी केली, याचे नवल वाटू नये. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सरसकट सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर ठेवता येत नाही, असे जाहीर केले. गावाला मात्र ते पचायला वेळ लागला. १९७० च्या प्रयोगांवर ज्यू संघटनांनी बहिष्कार घातला.

दिग्दर्शक क्रिस्टियान श्ट्युकल यांच्या काळात, २००० साली, रक्ताच्या दोषाचे ते वाक्य संहितेतून गेले. येशू हिब्रूत प्रार्थना करू लागला, शिष्य त्याला रब्बी म्हणू लागले. यावर आक्षेप येतो की ही पवित्र ग्रंथाची काटछाट आहे. मला तो टिकणारा वाटत नाही. नाटक म्हणजे शुभवर्तमान नव्हे. चार कथांमधून निवडून ते रचलेले आहे, आणि संहिता १८११ व १८६० सालीही नव्याने लिहिली गेली होती. नवस दुःखभोग दाखवण्याचा होता, अमुक एका वाक्याचा नव्हता. शिवाय क्रूस ही रोमन शिक्षा, हुकूम रोमन सुभेदाराचा, आणि ज्यू इतिहासकार योसेफसच्या लेखनात पिलात दिसतो तो निर्दय अधिकारी, हात धुणारा अगतिक माणूस नव्हे. नवे नाटक इतिहासाच्या अधिक जवळ गेले आहे. दुसरा आक्षेप जड आहे: रंगमंचावरून वाक्य गेले तरी बायबलात ते आहेच. खरे आहे, आणि म्हणूनच ते कुणी, कधी, कुठल्या वादात लिहिले हे सांगितल्याशिवाय चर्चमध्ये वाचले जाऊ नये. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसानंतर, ज्यूंच्या घरातल्याच भांडणात ते उमटले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

पुढचे प्रयोग २०३० साली आहेत. जाणाऱ्याने पिलातासमोरच्या जमावाकडे कान द्यावा. नव्या संहितेत त्या जमावातून येशूच्या सुटकेची मागणी करणारे आवाजही उठतात.