दिवे फोडणारी सूझी

भीतीचा सिनेमा म्हटलं की तुम्हाला पांढऱ्या साडीतलं भूत आणि करकरणारं दार आठवतं ना? मला आठवते सूझी. ‘वेट अन्टिल डार्क’ या १९६७ सालच्या इंग्रजी चित्रपटातली. यात भूतबीत काही नाही. न्यू यॉर्कमधलं एक तळघरातलं घर, एक बाहुली आणि घरात एकटी असलेली अंध सूझी, बस्स!

बाहुलीच्या पोटात अमली पदार्थ लपवलेले असतात. ती नकळत सूझीच्या नवऱ्याच्या हाती येते आणि तिच्या शोधात तिघं जण घरात शिरतात. एक म्हणतो, मी तुझ्या नवऱ्याचा मित्र. दुसरा म्हणतो, मी पोलीस. सूझी बोलत असते आणि तिच्या मागेच माणूस उभा! आपण ओरडतो, ‘अगं, मागे बघ!’ पण ती बघणार कशी?

हा सिनेमा मी आमच्या आजीसोबत पाहिला. काचबिंदूनं तिची दृष्टी गेलीय. मी मराठीत सांगत होते, ती ऐकत होती. तिसरा माणूस आधी म्हातारा बनून येतो, मग त्याचाच तरुण मुलगा बनून. आजी म्हणाली, ‘‘थांब गं, दोघांचा जोडा एकच वाजतोय.’’ पुढे सूझीच्याही नेमकं हेच ध्यानात येतं! कोण आलं ते आजी चपलांवरून ओळखते. तरी ‘तुला दिसत नाही, तू बस’ हे तिला दिवसातून दहादा ऐकावं लागतं. सूझीचा नवरा तिला आपली कामं आपणच करायला लावतो. मला तो जरा कडकच वाटला. आजीला मात्र फार आवडला.

सूझी झालीय ऑड्री हेपबर्न. या भूमिकेसाठी तिनं अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेत जाऊन सराव केला. फोन चाचपणारा हात, आवाजाकडे वळणारी मान, सगळं खरं वाटतं. ती रडते, घाबरते आणि रडता रडताच विचार करते. ऑस्करसाठी तिला नामांकन मिळालं, पण त्या वर्षीचं बक्षीस नेलं कॅथरिन हेपबर्ननं. आडनाव एकच, नातं काही नाही!

शेजारची चष्मेवाली ग्लोरिया तर तुमच्याच वयाची. आधी चिडून सूझीच्या स्वयंपाकघरातल्या वस्तू फेकते आणि नंतर तिच्याच मदतीला धावते.

शेवटी सूझी घरातले बल्ब फोडत सुटते. काळोखाची सवय तिला, त्यांना कुठली? त्या काळी हा प्रसंग आला की थिएटरातले उरलेसुरले दिवेही मंद करत. पण एक दिवा फोडायचा राहतो. कुठला, ते सांगणार नाही. लहानांनी हा सिनेमा इतक्यात बघू नये, आठवी-नववीतल्यांनी आई-बाबांबरोबर बघावा. तोवर ओळखा पाहू. तो दिवा बहुतेक तुमच्याही स्वयंपाकघरात आहे.