गाडी झाली भिर्रर्र!

आमच्या घरात सध्या दोन शर्यती चालू आहेत. एक चिरंजीवांच्या हातातल्या खेळण्यात, आणि दुसरी त्यांच्या मराठीची जर्मनशी. दुसरीचा निकाल आम्ही मनातल्या मनात केव्हाच लावून टाकला होता. चिरंजीवांचे वय चौदा, जन्म म्यूनिकचा. मराठी सगळी समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये. खेड तालुक्यातून दर रविवारी आजोबांचा फोन येतो. "जेवलास का?" "हो." "अभ्यास?" "हो." की लगेच फोन आमच्या हातात!

इथे ऑक्टोबरफेस्टच्या मैदानावर दर वसंतात जुना बाजार भरतो. तिथून चिरंजीवांनी एक जुना गेम बॉय ॲडव्हान्स आणि एक कार्ट्रिज पैदा केले. खेळाचे नाव 'एफ-झीरो क्लायमॅक्स'. जमिनीला न टेकता धावणाऱ्या यंत्रांची शर्यत. निन्टेंडोने तो ऑक्टोबर २००४ मध्ये काढला, पण फक्त जपानात. या यंत्राला देशादेशांची कुलपे नसल्यामुळे जपानी कार्ट्रिज जर्मन यंत्रात चालते. चालते खरे, पण बोलते जपानीच.

"अरे, वाचता येत नाही तर खेळणार काय, कपाळ?" आम्ही म्हणालो. चिरंजीव हसले. जगातल्या हौशी मंडळींनी म्हणे याचे इंग्रजी भाषांतर करून ठेवले आहे. एक पैसा न घेता!

आम्ही पडलो इंजिनियर. कसे करतात, हे विचारल्याशिवाय राहवेना. खेळाच्या पोटात मजकूर म्हणजे नुसती आकड्यांची रांग असते. कुठला आकडा म्हणजे कुठले अक्षर, याचा तक्ता आधी बसवायचा. मग प्रत्येक वाक्य कुठल्या पत्त्यावर राहते ते हुडकायचे. नवे वाक्य लांबले, तर त्याला दुसरीकडे जागा द्यायची आणि पत्ता बदलायचा. याच कसबाने कोणी नवे रस्ते घालतो, कोणी नव्या गाड्या. वाटताना मात्र अख्खा खेळ वाटायचा नाही, कारण तो कंपनीचा. फक्त बदलांची छोटीशी फाइल वाटायची. तिला पॅच म्हणतात, म्हणजे आपले ठिगळच! आमच्या म्यूनिकच्या 'शिनएन' कंपनीने याच धर्तीच्या शर्यतीचे 'फास्ट' नावाचे खेळ २०११ पासून काढले. तिची मूळ मंडळीही अमिगा संगणकावर हौस करणारीच. तेव्हा हौसेला नावे ठेवू नयेत.

हे ऐकताना आम्हाला आमचे २००४ साल आठवले. त्याच वर्षी आम्ही एम्.एस्. करायला इथे आलो. पहिल्याच आठवड्यात हातात चार पानी जर्मन फॉर्म पडला. डोळ्यांपुढे अंधारी! तेव्हा वसतिगृहातल्या एका सांगलीकर सीनियरने आपल्या भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स दिली. ओळींच्या मधे पेन्सिलीने बारीक मराठी: 'इथे घरमालकाची सही', 'हे कोरं सोड', 'इथे थाप मारू नकोस, तपासतात'. तीच प्रत पुढे आम्ही आमच्या मागून आलेल्यांना दिली. म्हणजे आपण सगळे ठिगळांवरच इथे उभे राहिलो की!

आणखी एक गंमत ऐका. ऑक्टोबर २०२४ मध्ये निन्टेंडोने आपल्या स्विच यंत्राच्या वर्गणीदारांसाठी हा खेळ जपानबाहेर प्रथमच आणला. वीस वर्षांनी! आणि तोही जपानीतच. मालकाने जे केले नाही, ते हौशी लोकांनी केले.

तर एके दिवशी चिरंजीवांनी जाहीर केले, "मी मराठी करतो."

"जर्मन का नाही?"

"जर्मन कोणीही करेल."

आम्ही सौ.कडे पाहिले, सौ.ने आमच्याकडे.

काम सोपे नव्हते. पडदा २४० बाय १६० ठिपक्यांचा आणि एकेक चौकट ८ बाय ८ ठिपक्यांची. त्यात इंग्रजी अक्षर सुखाने बसते. आपल्याकडे वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, मधे शिरोरेषा. अक्षराला उरतात जेमतेम तीन ओळी! तेव्हा चिरंजीवांनी एकावर एक दोन चौकटी रचल्या. शिवाय इंग्रजी अक्षरांमध्ये फट ठेवावी लागते, तर आपली शिरोरेषा शेजारच्या चौकटीला भिडलीच पाहिजे. ती तुटली की शब्द मोडका दिसतो. चार रात्री बापलेक चौकोनी कागदावर पेन्सिलीने 'क्ष' काढत बसलो होतो.

जागेच्या बाबतीत मात्र मराठी शहाणी निघाली. जर्मनमधला 'होख्स्टगेश्विंडिश्काइट' एकवीस अक्षरांचा. आपला 'कमाल वेग' कोपऱ्यात मावतो.

मग शब्दांवरून जुंपली. एकदम वेग घ्यायच्या बटणाला आम्ही 'गतिवर्धन' सुचवले. चिरंजीव म्हणाले, "हे कोण बोलतं?" आम्ही गप्प. आम्हीही कधी बोललो नव्हतो. शेवटी रविवारी त्यांनी आजोबांनाच विचारले, "आजोबा, रेसमध्ये गाडी जोरात पळवायला काय म्हणतात?"

आजोबा म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतींचे जुने शौकीन. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, तेव्हा ते खट्टू झाले होते. २०१७ मध्ये राज्याने कायदा केला, आणि १८ मे २०२३ ला न्यायालयाने तो मान्य केला, तेव्हा त्यांनी पेढे वाटले. बैलांच्या हालांवरून आमचे आणि त्यांचे कधीच पटले नाही, हेही सांगून टाकतो. पण नातवाचा प्रश्न ऐकून म्हातारा फोनवर उभाच राहिला असावा. घाट कसा असतो, गाडा किती सेकंदांत वर जातो, निशाण पडले की 'भिर्रर्र' कसे ओरडतात, 'घाटाचा राजा' कोणाला म्हणतात... फोन चाळीस मिनिटे चालला. मधे आठवेल तशी मराठी, अडेल तिथे जर्मन.

आता त्या खेळात शर्यत सुटताना 'भिर्रर्र' उमटते, वेग घ्यायच्या बटणाला 'दामट' म्हणतात, आणि जिंकणारा 'घाटाचा राजा' होतो. भाषांतर अर्धेही झालेले नाही, बाकी सगळे अजून जपानीच आहे. 'पुढील' मधली वेलांटी चुकली आहे. लाल पेन्सिल हाताशी होती, पण आम्ही ती उचलली नाही.

परवाच्या रविवारी फोन वाजला. सवयीने आम्ही हात पुढे केला.

"मोमेंट, बाबा," चिरंजीव म्हणाले, "आजोबांचा फोन माझा आहे."