इंग्रजीच्या रिकाम्या जागा

मी शिंदखेड्याची. बी.कॉम. झाल्यावर बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेची तयारी सुरू केली. गणित आणि रिझनिंगमध्ये मार्क बरे पडायचे. गाडी अडायची ती इंग्रजीत, आणि त्यातही क्लोज टेस्टमध्ये. एक लहान परिच्छेद असतो, त्यातले काही शब्द गाळलेले असतात आणि दिलेल्या पर्यायांतून योग्य तो निवडायचा असतो. याचा सराव कसा करायचा हे मला बराच काळ माहीत नव्हतं. आमच्या भागातली बरीच मुलं-मुली इथेच अडकलेली दिसतात, म्हणून माझं काय झालं ते सांगते.

आयबीपीएस या संस्थेच्या क्लार्क पूर्वपरीक्षेत शंभर प्रश्न असतात. इंग्रजीचे 30, गणिताचे 35, रिझनिंगचे 35. प्रत्येक विभागाला 20 मिनिटं वेगळी मिळतात. उत्तर चुकलं की पाव मार्क जातो. 2021 मध्ये केंद्र सरकारने ही परीक्षा मराठीसकट 13 प्रादेशिक भाषांत घ्यायचं ठरवलं तेव्हा आम्हाला फार आनंद झाला होता. गणिताचे प्रश्न आता मराठीत वाचता येतात. इंग्रजीचा विभाग मात्र इंग्रजीतच आहे, आणि प्रत्येक विभागाचा कटऑफ वेगळा पार करावा लागतो. बाकीच्या दोन्हींत कितीही मार्क पडले तरी इंग्रजीत कमी पडलात की बाहेर. ग्रामीण बँकांच्या ऑफिस असिस्टंटच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजी नसतं आणि मुख्य परीक्षेत इंग्रजीऐवजी हिंदी घेता येतं. माझ्या काही मैत्रिणींनी तेवढीच परीक्षा धरली. मला दोन्ही वाटा मोकळ्या हव्या होत्या.

पहिल्या खेपेला मी इंग्रजीच्या कटऑफमध्ये गेले. एकूण मार्क चांगले होते. घरी लगेच सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा आईला कळेना की एवढे मार्क असून नापास कसं. ती एवढंच म्हणाली, "आते काय करशी माय?" तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या घरात अहिराणी. शाळेत मराठी. टीव्हीवर हिंदी. इंग्रजी फक्त पुस्तकात. माझ्या मोठ्या चुलतभावांना इंग्रजी पाचवीपासून होतं. 2000 सालापासून राज्यात ते पहिलीपासून झालं, त्यामुळे मला पहिलीपासून मिळालं. तरी कानावर इंग्रजी वाक्य पडायचं ते वर्गातच, आणि बाईंनी लगेच त्याचा मराठी अर्थ सांगितलेला असायचा.

मग धुळ्याला एक क्लास लावला. जाऊन-येऊन एसटीत अर्धा दिवस जायचा. तिथे शब्दांची जाडजूड यादी दिली होती. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे अर्थ. रोज एक पान पाठ करायचं. मी केलं. कापूस वेचणीच्या दिवसांतही सकाळी लवकर उठून केलं. कुणी विचारलं तर अर्थ धडाधड सांगता यायचे. पण सराव पेपरला बसलं की क्लोज टेस्टमध्ये पाचपैकी दोन बरोबर यायचे. सगळ्या पर्यायांचे अर्थ माहीत असायचे आणि तरी कोणता घालायचा ते कळायचं नाही. याचा मला फार त्रास झाला. शब्द येत नसते तर निदान कारण तरी समजलं असतं.

उलगडा झाला तो गावातल्या वाचनालयात. तिथे हायस्कूलमधून निवृत्त झालेले इंग्रजीचे एक सर संध्याकाळी पेपर वाचायला येतात. एकदा माझी वही बघून ते समोर बसले. म्हणाले, "आधी पर्याय झाक. मग वाच."

मी पर्यायांवर पट्टी ठेवली. त्यांनी एक वाक्य लिहून दिलं: 'द बँक हॅज (रिकामी जागा) द इंटरेस्ट रेट.' वाढीचा शब्द हवा असं त्यांनी सांगितलं, आणि माझ्या मनात 'राइझ' आणि 'रेझ' दोन्ही आले. यादीत दोन्हींपुढे 'वाढ' एवढंच होतं. सर म्हणाले, "दर आपोआप वाढला की कुणी वाढवला?" बँकेने वाढवला. म्हणजे 'रेझ', आणि मागे 'हॅज' आहे म्हणून 'रेझ्ड'. वाढणे आणि वाढवणे यांत आपण मराठीत कधी चुकत नाही. इंग्रजीत चुकत होते, कारण ते शब्द मी वाक्यात कधी पाहिलेच नव्हते.

त्यांनीच सांगितलं की क्लोज टेस्टची पद्धत मुळात शब्द शिकवण्यासाठी निघालेली नाही. विल्सन टेलर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1953 मध्ये ती मांडली. एखादा मजकूर वाचकाला कितपत कळतो ते मोजायचं होतं. म्हणून ठरावीक अंतराने, उदाहरणार्थ दर पाचवा शब्द, काढून टाकायचा आणि वाचकाला तो भरता येतो का ते बघायचं. पर्याय द्यायचेच नाहीत. हे ऐकल्यावर मला माझी अडचण नीट दिसली. मी मजकूर न वाचता थेट जागा भरत होते.

त्यानंतर यादी बंद केली. सरांनी परिच्छेद कुठून घ्यायचे तेही सांगितलं. मला वाटलं होतं, इंग्रजी पेपरातले अग्रलेख. ते म्हणाले, आत्ता नको. ज्या परिच्छेदात जागा सोडून इतरही दहा शब्द अडतात, त्यातून काही शिकता येत नाही. आठवी-नववीच्या पुस्तकापासून सुरू कर. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतात. मराठी माध्यमाच्या नववी-दहावीचं 'माय इंग्लिश कोर्सबुक' मी डाउनलोड केलं. पदवी झाल्यावर पुन्हा नववीचं पुस्तक उघडायला थोडं जड गेलं. वाचनालयात मी मोबाइलची स्क्रीन कुणाला दिसू नये अशी धरायचे.

माझ्याबरोबर आणखी दोन मुली तयारी करत होत्या. आम्ही असं ठरवलं की प्रत्येकीने साधारण शंभर शब्दांचा परिच्छेद निवडायचा, झेरॉक्स काढायची, पाच-सहा शब्दांवर व्हाइटनर लावायचा आणि कागद दुसरीला द्यायचा. सुरुवातीला आम्ही दहा-बारा शब्द खोडायचो. मग अर्थच लागायचा नाही आणि भांडणं व्हायची. पाच-सहा पुरे. पहिलं वाक्य पूर्ण ठेवायचं, म्हणजे विषय कळतो.

सोडवण्यापेक्षा तयार करण्यात जास्त शिकायला मिळालं, हे मी ठामपणे सांगेन. कोणता शब्द खोडायचा हे ठरवताना आजूबाजूचं काय बघून तो भरता येईल, याचा विचार करावाच लागतो. सुगावा देणारा शब्द वाक्यात नसेल तर ती जागा अन्यायाची होते, आणि मैत्रीण तसं तोंडावर सांगते.

पहिले काही आठवडे आम्ही दोन तऱ्हा आलटून पालटून केल्या. एकीत ठरावीक अंतराने येणारा शब्द डोळे मिटून खोडायचा. यात बहुतेक बारीक शब्द जायचे: 'अ', 'द', 'इन', 'ऑन', 'ॲट'. आम्ही तिघी सगळ्यात जास्त इथेच चुकलो. मराठीत 'अ' आणि 'द' यांच्यासारखं काही नाही, अहिराणीतही नाही. त्यामुळे तिथे काही गाळलंय हेच जाणवायचं नाही. नियम वाचून फार उपयोग झाला नाही. तेच परिच्छेद मोठ्याने वाचून झाला.

दुसऱ्या तऱ्हेत शब्द निवडून खोडायचे: क्रियापदं, जोडणारे शब्द, नेमकी विशेषणं. जोडणाऱ्या शब्दांवर मी जास्त वेळ दिला, कारण बँकेच्या पेपरात ते वारंवार येतात. मैत्रिणीने एकदा आमच्याच शेतावरून वाक्य केलं होतं: 'द रेन केम लेट. (रिकामी जागा), द कॉटन क्रॉप वॉज गुड.' पर्याय होते 'देअरफोर', 'बिकॉज' आणि 'हाउएव्हर'. पाऊस उशिरा आणि तरी पीक चांगलं, म्हणजे दोन गोष्टी उलट दिशेच्या. 'हाउएव्हर'. अशा ठिकाणी आधी कागदाच्या कडेला फक्त 'उलट' किंवा 'म्हणून' लिहायचं आणि मग पर्याय उघडायचे. ही सवय परीक्षेत फार कामी आली.

वहीही बदलली. सुटा शब्द लिहायचा नाही. शेजाऱ्यांसकट लिहायचा. 'डिपेंड' लिहिलं तर 'डिपेंड ऑन'. 'डिसिजन' लिहिलं तर 'टेक अ डिसिजन', 'मेक अ डिसिजन'. सोडवलेला परिच्छेद आठवड्याने पुन्हा कोरा काढायचा. त्याच जागी पुन्हा चुकलं तर त्या वाक्यासारखी स्वतःची दोन वाक्यं करायची.

पुस्तकं संपल्यावर आम्ही पीआयबीच्या बातम्या घेतल्या. सरकारी निवेदनं तिथे इंग्रजीत असतात आणि त्यांतली बरीच मराठीतही. आधी मराठी वाचायचं आणि मग इंग्रजीत जागा करायच्या. विषय माहीत असल्यामुळे सगळं लक्ष भाषेवर राहतं. शेती, बँका, विमा यांवरची निवेदनं निवडली तर परीक्षेचे शब्दही येतात.

एक सावधगिरी. टेलिग्रामवर क्लोज टेस्टच्या पीडीएफ ढिगाने फिरतात. त्यांतल्या उत्तरसूचीत चुका असतात. एका परिच्छेदाने माझी सगळी संध्याकाळ खाल्ली. माझं उत्तर चूक धरलं होतं आणि मला कारण सापडत नव्हतं. सरांना दाखवलं तर ते म्हणाले, दोन्ही शब्द चालतात, प्रश्नच नीट नाही. तेव्हापासून जिथे उत्तराचं कारण दिलेलं नाही ती पीडीएफ मी वापरत नाही. मूळ परिच्छेद आपल्या हातात असेल तर हा प्रश्नच येत नाही.

पुढच्या खेपेला पूर्वपरीक्षेत इंग्रजीचा कटऑफ पार झाला. परिच्छेद आधी पूर्ण वाचला, सोप्या जागा भरल्या आणि एक जागा कोरी सोडली. ती सोडताना हात थरथरला, पण अंदाजाने पाव मार्क घालवायचा नव्हता. नंतर मुख्य परीक्षेत निवड थोडक्यात हुकली, ती बँकिंगच्या सामान्यज्ञानात. आईला या वेळी त्याच संध्याकाळी सांगितलं.

आता पुन्हा तयारी चालू आहे. मुख्य परीक्षेत इंग्रजीचे 40 प्रश्न 35 मिनिटांत करायचे असतात आणि परिच्छेद जड असतात, म्हणून सध्या रिझर्व्ह बँकेच्या प्रेसनोट घेतो. आमच्यात दहावीची दोन मुलंही येऊन बसू लागली आहेत. त्यांच्यासाठी वेगळे, सोपे कागद करतो. कुणाला यायचं असेल तर संध्याकाळी वाचनालयात यावं. येताना स्वतः तयार केलेला एक परिच्छेद आणावा. झेरॉक्सचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे.