बॅटरी धरणारा

इयत्ता पाचवीपासून आमच्या घरात माझ्याकडे एक कायमची नोकरी आहे. बॅटरी धरण्याची. बॅटरी म्हणजे हातातली, उजेडाची, गाडीतली नव्हे. अण्णा गाडीत वाकून काम करीत असतात आणि मी त्यांच्या डोक्याशी उभा राहून उजेड पाडीत असतो. उजेड हवा असतो नटावर आणि पडतो अण्णांच्या कपाळावर. "नट काय माझ्या टाळक्यात आहे का रे?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की परीक्षेत अवतरण म्हणून लिहिता आले असते तर बरे झाले असते.

आमची गाडी म्हणजे मारुती ओम्नी. 1984 साली ती मारुती व्हॅन म्हणून बाजारात आली, 1988 पासून ओम्नी झाली आणि 2019 साली तिचे उत्पादन थांबले. आमची 2008 सालची, दोन मालकांच्या हाताखालून आलेली. इंजिन 796 सीसीचे, तीन सिलिंडरचे. मारुती 800 चे सख्खे भावंड. फरक इतकाच की 800 चे इंजिन पाहायला बॉनेट उघडावे लागते आणि आमच्या गाडीचे पाहायला पुढची सीट उचलावी लागते. थोडक्यात, अण्णा गेली अकरा वर्षे इंजिनावर बसून धंदा करीत आहेत. पहाटे तीनला पर्वतीच्या पायथ्यापासून निघायचे, गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून फुले भरायची आणि उजाडायच्या आत पेठांतल्या दुकानदारांना पोचवायची. मागच्या सीटा कधीच काढून टाकल्या आहेत. गाडीला पेट्रोलपेक्षा झेंडूचा वास जास्त येतो. मीटरचा आकडा 2,86,000 च्या पुढे गेला तेव्हा केबल तुटली. "नको सांगूस म्हणावं, म्हातारीला वय विचारू नये," असे म्हणून अण्णांनी ती बसवलीच नाही.

सातवीत शाळा सुटल्यावर अण्णा एका गॅरेजमध्ये हेल्पर होते. गाडीची दुरुस्ती ते घरीच करतात. पाने जुन्या बाजारातले, एकेक करून जमवलेले; सामान नाना पेठेतले. ऑईल केव्हा बदलले, पट्टा केव्हा टाकला, हे सारे ‘कालनिर्णय’च्या चौकोनांत लिहिलेले असते. माझ्या हाती मात्र त्यांनी पाना कधी दिला नाही. "तू बॅटरी धर. हात काळे करायला कॉलेजात घातलं नाही तुला," एवढेच म्हणत. त्यांच्या नखांतला काळेपणा लग्नाकार्यालाही जात नाही. माझी नखे स्वच्छ राहावीत एवढी एकच चैन त्यांनी केली आहे असे आई म्हणते.

मागच्या वर्षी भाषाविज्ञानाच्या तासाला सरांनी व्यवसायातले शब्द गोळा करून आणायला सांगितले होते. मी अण्णांकडून दोन पाने भरून शब्द नेले. मिसिंग, हाफ इंजिन, आटे, दट्ट्या, गॅस्केट. अण्णा संकोचले. "हे शब्द कॉलेजात चालतात?" त्यांनी विचारले. सरांनी वर्गात ते वाचून दाखवले हे मी घरी सांगितले, तेव्हा ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पहाटे जाताना आणखी चार शब्द मला झोपेतून उठवून सांगितले.

आता मूळ गोष्ट. 2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला, गुरुवारी होता. फुलांच्या धंद्यात वर्षाची खरी कमाई त्या तीन-चार दिवसांची. आणि आदल्या रविवारी संध्याकाळी गाडी मिसिंग मारू लागली. तीनपैकी दोनच सिलिंडर चालत होते. अण्णांनी सीट उलटली. इंजिन चालू ठेवून ते एकेका प्लगची वायर काढून पाहू लागले. पहिली काढली की इंजिन आचके देई, तिसरी काढली तरी तसेच. मधली काढली तर काहीच फरक नाही! मेलेला सिलिंडर असा सापडतो. तो नसला तरी कुणाला कळत नाही.

तिन्ही प्लग बाहेर काढले. दोघांची टोके चहाच्या रंगाची, म्हणजे प्रकृती उत्तम. मधला मात्र काळा आणि तेलाने ओला. अण्णांनी त्या भोकावर अंगठा दाबला आणि मला चावी फिरवायला सांगितले. जोर कमी होता. मग चमचाभर ऑईल आत सोडून पुन्हा तसेच केले. या वेळी जोर वाढला. वाल गळत असते तर ऑईलने फरक पडला नसता. ऑईल दट्ट्याच्या कडेला बसून फट बुजवते, म्हणून दोष रिंगांचा. हे त्यांनी मला समजावून सांगितले, आणि मला वाटले, आमच्या तर्कशास्त्राच्या पुस्तकातल्या उदाहरणांपेक्षा हे किती सरळ आहे.

"रिंगा बदलाव्या लागणार, पण दसऱ्यानंतर. आता नवा प्लग चालेल," अण्णा म्हणाले. ऑईल केव्हा बदलले ते बघायला मी ‘कालनिर्णय’ चाळले. जूनच्या एका चौकोनात त्यांच्या अक्षरात ‘रिंगा’ लिहून खोडले होते आणि खाली ‘फी’ असे लिहिले होते. मी पाने पुन्हा मिटली.

अंधार पडला होता. अण्णांना आता जवळचे नीट दिसत नाही आणि चष्मा ते घालत नाहीत. दोनदा प्लग भोकाच्या कडेला लागून परत आला. तेव्हा त्यांनी प्लग आणि पाना माझ्या हातात दिला. "तू लाव. डोळे चांगले आहेत तुझे."

आठ वर्षे मी याची वाट पाहत होतो. प्लग टेकवला, फिरवला. अर्ध्या फेऱ्यात तो अडला. तिथेच मला कळले होते की आटे सरळ बसलेले नाहीत. पण अण्णा शेजारी उभे होते, आणि ‘जात नाही’ हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. मी पान्यावर जोर दिला. प्लग गेला. फार अवघड गेला, पण गेला. गाडी चालू केली तर मधून फुस्स फुस्स आवाज येऊ लागला. अण्णांनी प्लग परत काढला तेव्हा त्याच्याबरोबर ॲल्युमिनियमचा चकचकीत कीस आला, मिठाईवरच्या वर्खासारखा. इंजिनाच्या हेडमधले आटे गेले होते.

"कधी कळलं तुला?"

"अर्ध्या आट्यात."

"मग थांबला का नाहीस?"

याचे उत्तर मला देता आले नाही. ते चिडले असते तर सोपे झाले असते. त्यांनी हात पुसले आणि टेम्पो भाड्याने मिळतो का ते विचारायला फोन लावला. सोमवारी आणि मंगळवारी पहाटे भाड्याच्या टेम्पोतून फुले आली. त्याचे भाडे अण्णांनी मला सांगितले नाही, आईने सांगितले. ते येथे लिहीत नाही.

दसऱ्याच्या तोंडावर मिस्त्री मिळणे म्हणजे लग्नसराईत आचारी मिळणे. मंगळवारी दुपारी एक म्हातारे मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन आले. हेड न उतरवताच त्यांनी काम केले. आटे पाडायच्या हत्याराला भरपूर ग्रीस फासायचे म्हणजे कीस त्याला चिकटतो, आत पडत नाही. जरा फिरवायचे, बाहेर काढून पुसायचे, पुन्हा फासायचे. असे वीसेक वेळा. मग नव्या आट्यांत तारेचे वेटोळे बसवले, आणि राहिलासाहिला कीस उडून जावा म्हणून प्लग न लावता इंजिन फिरवले. जाताना त्यांनी पिशवीतून वीतभर रबरी नळी काढून माझ्या हातात ठेवली. "प्लगच्या डोक्यावर ही चढवायची अन् नळीनंच फिरवायचा. आटे चुकले तर नळी घसरते. पान्याला कळत नाही रे, तो नुसता जोर लावतो."

बुधवारी खंडेनवमी होती. अण्णांनी पाटावर पाने मांडले, हळदकुंकू वाहिले, झेंडू ठेवले. ती नळीही त्यांनी पान्यांच्या रांगेत ठेवली आणि तिच्यावरही एक फूल वाहिले. मी पाहत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

रिंगा अजून बदललेल्या नाहीत. हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑईल गाडी पिते आणि चढावर निळा धूर सोडते. मधला प्लग महिन्या-दीड महिन्यातून साफ करावा लागतो. परवा रात्री तो काढला. अण्णांनी नळी माझ्याकडे दिली आणि स्वतः बॅटरी घेतली. मी नळी चढवली, प्लग टेकवला, बोटांनी हळू फिरवू लागलो. एकदा नळी घसरली. थांबलो, काढला, पुन्हा टेकवला. भोक मात्र दिसेना, कारण उजेड माझ्या मनगटावर पडत होता.

"अण्णा, उजेड जरा इकडे."

"धरलाय की," अण्णा म्हणाले, आणि बॅटरी आणखीच भलतीकडे गेली.