आधी तिथी, मग तिकीट

मैत्रिणींनो, आपल्या खानदेशातल्या नद्यांची मला नेहमी गंमत वाटते. जळगावची गिरणा तापीला मिळते, माझ्या माहेरची, धुळ्याची पांझराही तिलाच मिळते आणि तापी सुरतेपाशी समुद्र गाठते. नद्या बिचाऱ्या पोचतात. आपण मात्र ‘यंदा नको, पुढच्या वर्षी बघू’ म्हणत घरीच. माझ्या सासूबाईंनी असं म्हणत म्हणत पंचाहत्तरी गाठली. अमळनेरकडच्या त्या. पाणी म्हटलं की त्यांना विहीर, रहाट आणि डोक्यावरचा हंडाच आठवतो.

तीन वर्षांपूर्वी मी हट्टानं त्यांना मालवणला नेलं, सिंधुदुर्ग दाखवायला. मुलांच्या परीक्षा, ह्यांची रजा, घरातलं एक लग्न, सगळं जुळवता जुळवता मे महिना सरत आला. तिकिटं, खोली, औषधं, सगळं चोख होतं. एकच विचारायचं राहिलं. पावसाळा तोंडावर आला की किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद होतात! धक्क्यावर उभं राहून सासूबाईंनी समोर पाहिलं. “माय वं, कितलं पानी शे!” म्हणाल्या. किल्ला अगदी हाकेच्या अंतरावर, आणि आम्ही अलीकडे. “दिसला ना, पुष्कळ झालं,” असं म्हणून उलट त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, खरं सांगते.

म्हणून यंदा ठरवायचं काम मी माझ्याकडे घेतलं. २०२५ च्या जुलैमध्ये शिवकालीन बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी हे पाण्यातले आणि पाण्याकाठचे किल्ले त्यांत आहेत. ते वाचून ह्यांनी उत्साहानं आठ दिवसांत सात किल्ल्यांची यादी केली. मी पाच खोडले. जंजिराही खोडला. सिद्दीचा तो किल्ला मराठ्यांना कधीच घेता आला नाही. आमच्या गुडघ्यांनी तरी कशाला हट्ट धरावा? हलत्या होडीतून चढउतार एकदाच, ती मालवणला. दुसरा किल्ला अलिबागचा कुलाबा, कारण तिथं ओहोटीला चालत जाता येतं.

पण ओहोटी कधी? इथं आपलं भिंतीवरचं कॅलेंडर उपयोगी पडतं. कोकणातल्या बायका तोंडी हिशेब करतात: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. त्यापुढे सहा तासांच्या जरा वर गेलं की ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे ओहोटी दुपारी बाराच्या पुढे. वेळ सोयीची वाटते, पण ती भांगाची भरती-ओहोटी. पाणी फारसं हटत नाही आणि लुगडं भिजतं. पौर्णिमेला पाणी खूप मागे जातं, पण पहाटे आणि संध्याकाळी. मग मी चतुर्थी धरली. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वानवाच्या आसपास. उतरत्या पाण्यात जायचं आणि पाणी फिरायच्या आत परतायचं. हा हिशेब अंदाजाचा आहे बरं का. त्या दिवशीची नक्की वेळ किनाऱ्यावर विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नका.

चतुर्थी म्हटल्यावर सासूबाईंचे कान टवकारले. कुलाब्याच्या किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे, हे मी मुद्दाम मागाहून सांगितलं. माघ शुद्ध चतुर्थीला गणेशजयंतीची गर्दी, म्हणून वद्य चतुर्थी, संकष्टी ठरली. उपासाचं त्यांनी स्वतःच ठरवलं: साबुदाण्याचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाण्याची चटणी. इतर दिवसांसाठी दशम्या. कळण्याच्या भाकरी नेण्याचा बेत मी मोडला, दुसऱ्या दिवशी त्यांचं पायताण होतं. ठेचा मात्र नक्की न्या. नारळाच्या आमटीवर आपल्या माणसांचं दोन दिवसांत तोंड वाकडं होतं, आणि घरमालकीण वाईट वाटून घेते. चपला मागून पट्टा असलेल्या घ्या. शेवाळी दगडांवर साध्या चपला सटकतात.

प्रवासासाठी भुसावळहून मंगला एक्स्प्रेस धरायची, पनवेलला उतरून एस.टी.नं अलिबाग. मग पुन्हा पनवेल, तिथून कोकण रेल्वेनं कुडाळ आणि पुढे मालवण. पनवेलला परत यायचं हे ह्यांना पटलेलं नाही. किनाऱ्याकिनाऱ्यानं मोटारीनं जाऊ म्हणतात. त्या वळणांवर मागच्या सीटवर कोण बसणार, एवढंच मी विचारलं.

१६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. खाऱ्या पाण्याच्या मधोमध, पण आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. हे वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई गप्प बसल्या. उन्हाळ्यात दोन हंड्यांसाठी त्या कोसभर चालल्या आहेत. चारही बाजूंनी समुद्र आणि विहीर गोड, हे काही त्यांना खरं वाटेना.

काल माळ्यावरून त्यांनी आपला पितळी गडू काढायला लावला, चिंचेनं घासला आणि माझ्या पिशवीत ठेवला. निघायला अजून दोन महिने आहेत.