डोणीतला डोंगर

बाग म्हटली की लोक मान वर करतात. आंब्याला मोहर किती, बकुळ कधी फुलली, वेल गच्चीपर्यंत पोचली का. माझं लक्ष लहानपणापासून घोट्याच्या खाली. एडिनबरातल्या आमच्या घरामागे आता जे काही आहे, ते बघायला पाहुण्यांना उकिडवं बसावं लागतं. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना मी चहा पाजून दारातूनच निरोप देते. दगडांच्या फटीत आणि खडीत रुतून बसलेले बुटके, घट्ट, हिरवे उंचवटे, एवढीच ही बाग. इथले लोक अशा वाढीला 'कुशन' म्हणतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, ही बाई शेवाळ जपतेय. आत्याला व्हिडिओ कॉलवर मोठ्या हौसेनं दाखवलं, तर ती म्हणाली, "अगं, ब्लीचिंग पावडर मिळत नाही का तिकडं?"

शेवाळ ते नव्हेच. शेवाळाला फूल येत नाही, खरी मुळं नसतात. यांना दोन्ही आहेत. एक आहे मॉसी सॅक्सिफ्रेज. दुसरं सजायना, जे रोपवाटिकेत आयरिश मॉस या नावानं विकतात आणि जे निघतं थेट कार्नेशनच्या कुळातलं. लग्नाच्या स्टेजवर ज्यांचे गुच्छ लागतात, त्यांची ही टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या फुलांची धाकटी बहीण. दोन्ही बारमाही हिरवी. डिसेंबरात इथे पावणेनऊला उजाडतं आणि पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. त्या अंधाऱ्या दिवसांत जमिनीलगत एवढंच काय ते जिवंत दिसतं.

या वेडाचं मूळ साताऱ्यात आहे. सातारकराच्या घराला खिडकी असो नसो, अजिंक्यतारा दिसतोच, त्यामुळे दिवाळीत गल्लीत होणारा प्रत्येक किल्ला आधी अजिंक्यतारा असे आणि मग बिघडत बिघडत दुसरा कुठला तरी होई. बांधकामावरच्या विटा, फुटकी कौलं, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट. बुरूज, तोफा आणि गुहेतला वाघ हे खातं दादाचं. हिरवळ माझी. वसुबारसेच्या आठवडाभर आधी अळीव पेरायचे. अळीवच का, हे आजीनं वाटीत भिजवून दाखवलं होतं: पाणी लागलं की दाण्याभोवती बुळबुळीत चिकट आवरण धरतं. बाळंतिणीच्या लाडवांसाठी भिजवलेल्या अळिवात बोट घातलं की कळतं. त्या चिकटपणामुळेच दाणा उभ्या कड्यालाही धरून राहतो. मोहरी टाकून बघा, पहिल्याच शिंतोड्याला सगळी पायथ्याशी.

चार दिवस गड हिरवागार असे. मग अळीव वीतभर वाढून माना टाकत, मावळे त्यात बुडत आणि महाराजांचं सिंहासन हातानं बाजूला सारून शोधावं लागे. मला मात्र न वाढणारं हिरवं हवं होतं. डोंगर लांबून दिसतो तसं, अंगाला चिकटलेलं. म्हणून मी वाड्यातल्या आडाच्या कठड्यावरचं शेवाळ उलथन्यानं अख्खंच्या अख्खं सोडवायची आणि किल्ल्यावर थापायची. सकाळी सुरेख दिसे. दुपारच्या उन्हात रंग उडून कडा वळायच्या, संध्याकाळी हात लावला की भुगा. "तुझ्या गडावर दुष्काळ पडला," असं दादा दर वर्षी म्हणायचा आणि दर वर्षी स्वतःच हसायचा.

पुढे कॉलेजात डोंगर चढायला लागल्यावर खरा मामला समजला. कासच्या सड्यावर तेव्हा तिकीट नव्हतं. जांभ्या कातळावर बोटभर माती, आणि त्या मातीचं आयुष्य चार महिन्यांचं. कातळावरचं शेवाळ उन्हाळ्यात काळं, कोरडं पडतं, मेलं म्हणून सोडून द्यावं असं. आणि वळवाची एक सर आली की तासाभरात पुन्हा हिरवं. आमच्या किल्ल्यावरचं बिचारं बहुतेक वेळा मेलेलं नसेलच. दादानं ते थोडं लवकरच उचलून फेकलं.

स्कॉटलंडला आले नोकरीसाठी. झाडांचा विचार डोक्यात नव्हता. पण इथे येणारा प्रत्येक जण कधी ना कधी रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जातोच. ही बाग 1670 सालची. तिथल्या दगडी बागेची पहिली मांडणी जेम्स मॅकनॅब यांनी 1871 च्या सुमारास केली, आणि 1908 ते 1914 या काळात आयझॅक बेली बॅलफोर यांच्या देखरेखीखाली ती पार बदलली. मधल्या काळात रेजिनल्ड फॅरर नावाच्या तिखट जिभेच्या यॉर्कशायरकरानं साऱ्या ब्रिटनच्या दगडी बागांची रेवडी उडवली होती. 'माय रॉक गार्डन' या 1907 च्या पुस्तकात त्यानं वाईट बागांचे तीन प्रकार केले: बदाम खोचलेलं पुडिंग, कुत्र्याचं थडगं, आणि सैतानानं ओच्यातून रिकामा केलेला दगडांचा ढीग. आमच्या गल्लीतले यच्चयावत किल्ले या तीन खणांत बसतात. आमचा तिसऱ्यात. फॅररचं म्हणणं असं, की दगड ठेवल्यासारखा नव्हे, जमिनीतून वर आल्यासारखा दिसला पाहिजे. त्याचा बराचसा भाग गाडलेला हवा आणि सगळ्यांचे थर एकाच दिशेला कललेले हवेत. ज्यानं सह्याद्रीच्या कड्यावर बेसॉल्टचे थर एकावर एक बघितले आहेत, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. हा माणूस 1920 मध्ये उत्तर ब्रह्मदेशात, झाडं गोळा करत असतानाच गेला. वय चाळीस.

माझ्याकडे एवढे दगड नव्हते, जागाही नव्हती. होती ती उत्तरेकडची भिंत आणि तिची सावली. मॉसी सॅक्सिफ्रेजला हेच मानवतं. उंच पर्वतांवरची बरीच कुशन-झाडं लख्ख उजेड मागतात आणि हिवाळ्याच्या ओलीनं कुजतात. हे त्या मानानं सोशिक. दुपारचं ऊन चुकवावं, मुळांशी ओल राहावी, पण पाणी साचू नये, बस. याची रानटी भावंडं ब्रिटनच्या डोंगरांतल्या ओलसर खडकांवर आपोआप वाढतात. बागेतले लाल-गुलाबी संकर पुष्कळसे जर्मनीतल्या गिओर्ग आरेंड्स यांच्या नावानं ओळखले जातात. रोन्सडॉर्फला त्यांची रोपवाटिका होती, 1888 साली सुरू केलेली. पाऊस इथे वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरात पाच हजारांच्या पुढे जातो. पण इथला पाऊस बारा महिने पुरवून पुरवून पडतो, आणि असल्या झाडाला तोच हवा.

ते लावलं डोणीत. गुरांना पाणी पाजायच्या जुन्या दगडी डोण्या इथले लोक अशा झाडांसाठी वापरतात, पण त्यांच्या किमती ऐकून मी सिमेंट, वाळू आणि पीट असा 1:1:2 मेळ कालवून घरीच ओतली. पीटच्या दलदली वाचवायच्या म्हणून त्याऐवजी नारळाच्या सोडणाचा भुसा घातला. पोत्यावर 'भारत' छापलेलं होतं. आत निम्मी माती-कंपोस्ट, निम्मी बारीक खडी, आणि वर रोपाच्या गळ्यापर्यंत खडीचाच थर, म्हणजे पावसाचं पाणी बुडाशी न थांबता निथळून जातं.

जवळून बघितलं तर ते कुशन म्हणजे शेकडो छोट्या रोपांची दाटी आहे. प्रत्येकाचं पान हाताच्या पंजासारखं, तीन-पाच बोटांत चिरलेलं, कडेला मऊ लव. हिरव्या पानांखाली गेल्या वर्षाची तपकिरी पानं, त्यांखाली त्याच्या आधीच्या वर्षाची. झाड ती टाकत नाही, अंगावरच ठेवतं, आणि त्या जुन्या थरांत ओल मुरून राहते. एप्रिल-मेमध्ये या दाटीतून केसाएवढे तांबूस देठ वर येतात. देठ बोटाला किंचित चिकटतो. प्रत्येकावर पाच पाकळ्यांची एक-दोन फुलं. ती गेली की देठ कात्रीनं कापायचे. शेजारच्या आजोबांकडे याच कुळातला थोराड नातेवाईक आहे, बर्जेनिया. त्याचा हिमालयातला भाऊबंद म्हणजे काष्ठौषधीच्या दुकानातला पाषाणभेद, माझे वडील मुतखड्यासाठी ज्याचा काढा नाक दाबून घ्यायचे तो.

आणि या नकली शेवाळात खरं शेवाळ शिरतं! थंडी, ओल, सावली: खऱ्यालाही तेच हवं. सजायनाच्या बारीक पानांत ते असं मिसळतं की हिरव्याची छटा ओळखायला चष्मा पुसावा लागतो. मग मी भुवयांचा चिमटा घेऊन एकेक काडी उपटत बसते. एका रविवारी आजोबा कुंपणापाशी बराच वेळ उभे होते. मी काय करतेय असं शेवटी त्यांनी विचारलं. मॉसमधून मॉस काढतेय, म्हटलं. त्यांनी टोपी नीट केली, पाऊस येईल म्हणाले आणि आत गेले.

शत्रू आणखीही आहेत. ब्लॅकबर्ड हा इथला काळा पक्षी गातो गोड, पण अळ्यांच्या आशेनं कुशन चोचीनं उचकटून भिरकावतो. त्याहून वाईट वाइन विव्हिल नावाचा भुंगेरा. यात नर जवळजवळ सापडतच नाहीत. मादी एकटीच अंडी घालते, आणि तिच्या पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या हिवाळाभर मुळं खातात. वरून झाड ठणठणीत. वसंतात सहज हात लावावा, तर अख्खं कुशन नाटकातल्या टोपासारखं उचलून हातात येतं, खाली मूळ म्हणून नाही. यावर सूक्ष्म कृमींचं पाणी मिळतं, ते माती उबदार असताना ओतायचं.

स्कॉटिश रॉक गार्डन क्लब ही 1933 पासूनची संस्था. तिची प्रदर्शनं भरतात, हिवाळ्यात सभासदांमध्ये बियांची देवघेव होते. बियांची पाकिटं येतात तो दिवस मला सणाचा. प्रदर्शनातल्या कुंड्या मात्र मला तितक्याशा भावत नाहीत. कंपासनं आखल्यासारखे घुमट, एक पान इकडचं तिकडे नाही. वर्षानुवर्षं काचेखाली सांभाळलेली मेहनत आहे, कबूल. पण डोंगराला जसा एक खडबडीत, बेफिकीर बाज असतो, तो त्यांत उरत नाही.

तो बघायचा तर बेन लॉअर्सला जावं. उंची 1,214 मीटर. ब्रिटनमधलं सर्वांत उंच बेन नेव्हिससुद्धा 1,345 मीटरच, म्हणजे आपल्या 1,646 मीटरच्या कळसूबाईपुढे ठेंगणं. पण इथे माथ्यावर उभं राहिलं की वारा कपडे फाडतो. तिथे सायलीनी अकॉलिसची गुलाबी फुलांनी मढलेली कुशनं खडकाला चिकटून असतात. मुलाला म्हटलं, आत बोट घाल. ऊन पडलं होतं, आणि बाहेर बोटं गारठत असताना आत चक्क ऊब होती. वारा वरून निसटतो, ऊन आत अडकतं. याची वाढ इतकी संथ की ताटलीएवढं कुशन म्हणजे काही दशकांचं वय. फुलं आधी दक्षिणेकडच्या बाजूला उमलतात, म्हणून त्याला होकायंत्राचं झाड असंही म्हणतात. मुलगा ते उपटून घरी न्यायच्या बेतात होता; जमीनमालकाच्या परवानगीशिवाय रानातलं झाड मुळासकट काढायला इथे 1981 च्या कायद्यानं बंदी आहे, हे त्याला सांगावं लागलं. हा तोच मुलगा, ज्यानं शाळेतून अंड्याच्या कवचात, ओल्या कापसावर उगवलेलं 'क्रेस' आणलं होतं आणि मी ते बघून स्वयंपाकघरात एकटीच हसत सुटले होते. अळीव! इथली मुलं ते कापून सँडविचात घालतात.

मला लहानपणी हवं असलेलं न वाढणारं हिरवं अखेर मिळालं, असं पहिली काही वर्षं वाटत होतं. पण ते वाढतं, फक्त उंच होत नाही. कडेनं सरकत जातं, आणि मागे मध्यभागी तपकिरी पडतं. फुलं येऊन गेल्यावर, विशेषतः कोरड्या उन्हाळ्यात, सॅक्सिफ्रेजच्या मधोमध असा डाग दिसायला लागतो. लवकर लक्षात आलं तर खडी-कंपोस्टचा बारीक मेळ त्यावर भुरभुरून बोटांनी आत जिरवायचा. देठांना नवी मुळं फुटतात. उशीर झाला, तर सगळं उपटून फाडायचं. हे मला जड जात नाही. कडेचे हिरवे तुकडे मुळांसकट वेगळे करायचे, मधलं टाकून द्यायचं. दह्याच्या रिकाम्या डब्यांना बुडाला भोकं पाडून त्यांत हे तुकडे लावते आणि पुढच्या भिंतीवर मांडून ठेवते. कुणी नेलं, कुणी नाही, विचारत नाही. चौकातल्या केशकर्तनालयाच्या पायरीशी आता त्यातलंच एक आहे. बसस्टॉपमागच्या घरात दुसरं, आणि ते माझ्याहून चांगलं फुलतं, याचा मला थोडा राग आहे.

यंदा मोठ्या डोणीच्या मध्ये वीतभर जागा मोकळी झाली आहे. तिथे काय लावायचं यावर घरात एकमत नाही. मला सजायना लावायचंय, चिमट्याचं काम वाढेल हे धरून. नवऱ्याचं मत, नुसती खडी राहू द्या, डोळ्यांना बरी दिसते. मुलाला बेन लॉअर्सवरचं सायलीनीच हवंय. बी क्लबातून मिळेल, उगवेलही, पण सखल बागेत ते फुलायला फार नखरे करतं, असं सगळे जुने सभासद सांगतात. सजायना लावायचं तर सप्टेंबर संपायच्या आत ठरायला हवं. माती गार पडली की रोपं मुळं धरत नाहीत.