खुमारी

मराठीनं ‘खुमारी’ हा शब्द बिघडवला, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. कुणी ‘गाण्याची खुमारी’, ‘विनोदाची खुमारी’ असं लिहिलं की मी फारसीचा दाखला काढत असे. ते मत मी आता सोडलं आहे.

दाखला खोटा नव्हता. फारसीनं हा शब्द अरबीतून घेतला; तिथे ‘खम्र’ म्हणजे मद्य आणि ‘खुमार’ म्हणजे ते उतरल्यावरचा त्रास: ठणकणारं डोकं, कोरडा घसा, आणखी एका पेल्याची ओढ. शब्दाचा घाटच दुखण्याचा. पडशाचा ‘जुकाम’, खोकल्याचा ‘सुआल’, डोकेदुखीचा ‘सुदाअ’ हे सगळे त्याच साच्यातले. १४व्या शतकातला शिराजचा हाफिज खुमाराबद्दल बोलतो, तेव्हा त्याचा पेला रिकामा असतो.

मग या दुखण्याला चव आली कुठून? अज्ञानातून, असं मला वाटायचं. उत्तर मिळालं ते फारसी गझलेतच. तिथे प्रेयसीच्या डोळ्यांना ‘मखमूर’ म्हणतात. हा खुमाराचाच भाऊबंद. जागरणानं जडावलेल्या, अर्ध्या मिटलेल्या पापण्या. प्रियकराच्या डोक्यात जे ठणकतं, तेच तिच्या नजरेत देखणं होतं. उर्दूनं ती नजर उचलली; बाराबंकीच्या एका मोठ्या शायरानं तर ‘खुमार’ हेच तखल्लुस घेतलं. मराठीतला गोडवा त्या पापण्यांतूनच झिरपला, असं मी आता मानतो.

असे शब्द सरळ गाळण्याचीही एक वाट होती. कवी माधव जूलियनांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश दिला, आणि पुढे भाषाशुद्धीचा कैवार घेऊन स्वतःच्याच जुन्या काव्यातले फारसी शब्द काढले. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे, पण ही वाट पटत नाही. ‘धुंदी’, ‘झिंग’, ‘कैफ’ हे नशा अंगात असतानाचे शब्द. मैफल उठल्यावर भैरवी कानात घेऊन घरी निघालेल्या माणसाला खुमारीच हवी. उतरणीची वेळ मराठीनं नेमकी राखली, फक्त तिच्यातली कळ काढून टाकली. हे मला आता भाषेचं सामर्थ्य वाटतं.

गझलेचा अनुवाद करताना मात्र मी जुन्या अर्थाचाच आग्रह धरतो. खुमारात साकीकडे मागितलेला पेला म्हणजे आपल्याकडचे पिणारे ज्याला ‘उतारा’ म्हणतात तोच. तिथे ‘धुंदी’ लिहिलं, तर शेर उलटा होतो आणि तहानलेला माणूस तृप्त ठरतो.